हा स्लॅब पडेल

आमच्या देवळखेडात ‘स्लॅब पडला’ या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि त्यातल्या एका अर्थाला पेढे वाटतात. घराच्या छताचं काँक्रीट ओतून झालं की घरमालक शेजारीपाजारी सांगत सुटतो, "आज आमचा स्लॅब पडला!" लोक विचारतात, "अरे वा, पेढे कुठायत?" दुसरा अर्थ सरळ आहे. छत खाली येणं.

तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी सव्वातीनला माझ्या धाकट्या भावाचा, दिगंबरचा फोन आला. तो नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता. नगरपरिषदेच्या अभ्यासिकेवर दुसरा मजला चढवण्याचं काम तेव्हा चाललं होतं. तो म्हणाला, "ताई, अभ्यासिकेचा स्लॅब पडला."

मी म्हटलं, "अरे वा! मग पेढे कुठायत?"

मग त्याच्या मागून किंकाळ्या ऐकू आल्या, आणि मला दुसरा अर्थ कळला. माझी मुलगी अन्विता रोज दहा ते पाच त्या स्लॅबखाली बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. बावीस वर्षांची होती. तिच्यासकट नऊ मुलं गेली.

ते ‘पेढे कुठायत’ मी अजून रोज ऐकते, माझ्याच आवाजात. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, तेव्हा इतरांना माफ करण्याचा प्रश्नच येत नाही. ही सुडाची हकिगत आहे. ज्यांना शेवटी सगळे गळ्यात पडून रडलेले आवडतात, त्यांनी इथेच थांबावं.

त्या वेळी आमचे नगराध्यक्ष होते संपतराव खडतरे. सगळे त्यांना संपतभाऊ म्हणायचे. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या दोन दिवस आधी त्यांनी अभ्यासिकेची फीत कापली आणि सात महिन्यांनी, वरच्या मजल्यासाठी आणलेल्या विटांच्या भारानं, छत खाली आलं. संपतभाऊ पांढरे कपडे घालून नऊच्या नऊ घरी गेले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नियतीपुढं कुणाचं चालतं का ताई? मी तुमचा भाऊच आहे." तो हात झटकण्याचीही ताकद त्या दिवशी माझ्यात नव्हती, याचा राग मला आजही येतो. त्याच वर्षी ते आमदार झाले. आता त्यांचं नाव मंत्रिपदासाठी घेतलं जात होतं. ठेकेदार परदेशात पसार झाला होता. उरला आमचा दिगू. तो निलंबित झाला, त्याच्यावर निष्काळजीपणाचा खटला भरला गेला. त्यानं जबाबात सांगितलं, "छत धोकादायक आहे अशी मला कधीच कल्पना नव्हती." मी त्याच्यावर विश्वास ठेवला, जामीन राहिले. अन्विताचे बाबा ती सहा वर्षांची असतानाच गेले होते. त्यामुळे मला आता दिगूशिवाय कोणी नव्हतं. दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा आणि अन्विताच्या कुंड्यांना पाणी घालायचा.

माझं नाव मंदाकिनी ठोसर. तंत्रनिकेतनाच्या साहित्य-चाचणी प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. पंचवीस वर्षं मी काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडते आणि ते किती भार सोसून फुटले ते लिहून ठेवते. काँक्रीटशी माझं माणसांपेक्षा बरं जमतं, कारण ते एकदा घट्ट झालं की शब्द फिरवत नाही. तेव्हा हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलायची. पुढं ते अक्षरशः खरं निघालं.

अभ्यासिका बांधली त्याच्या थोडं आधी पुलांमागून पूल कोसळायला लागले, तेव्हा राज्य सरकारनं सगळ्या सार्वजनिक बांधकामांना ‘साक्षी सिमेंट’ सक्तीचं केलं. त्यात पिठाहून बारीक असे चुंबकी कण मिसळलेले असतात. काँक्रीट ओलं असतं तोवर ते कण मोकळे असतात आणि जो हादरा बसेल त्यासरशी वळतात. काँक्रीट जसजसं घट्ट होतं, तसतसा एकेक कण आहे त्या स्थितीत पकडला जातो. कोणी आधी, कोणी नंतर. विरजण लावलेलं भांडं कोणी हलवलं तर दह्यावर खूण राहते ना, तसंच. फरक एवढाच की इथे कुठली खूण कितव्या मिनिटाची, हेही सांगता येतं. बांधकाम किती तासांनी हललं, कामगारांनी मिश्रण नीट दाबलं की नाही, हे तपासण्यासाठी ही योजना होती. सिमेंट सरकारी गोदामातून मोहोरबंद पोत्यांत यायचं, त्यामुळे आमच्या ठेकेदाराला त्या एका गोष्टीत हात मारता आला नाही.

काँक्रीट माणसांचं बोलणंही ऐकेल, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एरवी ते ऐकतही नाही, हवेतला आवाज फार क्षीण पडतो. पण खांबातून वर आलेली लोखंडी सळई कोणी मुठीत धरून बोललं, तर त्याच्या छातीतला नाद हातातून सळईत आणि सळईतून ओल्या काँक्रीटमध्ये उतरतो. दोन वर्षांपूर्वी तो वाचू शकणारं यंत्र निघालं, आणि गेल्या वर्षी नव्या कायद्यानं लोकप्रतिनिधी उत्तरदायित्व आयोग बसला. नगरसेवकापासून मंत्र्यापर्यंत कोणालाही त्यानं बोलवावं, आणि दोषी आढळला तर त्याचं पद काढून त्याला पोलिसांच्या हवाली करावं, असा कायदा. आमच्या अभ्यासिकेचं प्रकरण आयोगापुढे आलं. पडलेल्या छताचे नमुने जपून ठेवलेले होते. मृत मुलीच्या आईला ते वाचायला देणं खरं तर बरोबर नव्हतं, पण ते यंत्र चालवता येणारी जिल्ह्यात मी एकटीच. आयोगानं नमुन्याचा अर्धा भाग शब्दांच्या पडताळणीला बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला, अर्धा माझ्याकडे दिला आणि म्हटलं, वाचा.

एका शुक्रवारी सकाळी अकराला मी कोपऱ्यातल्या खांबाजवळचा नमुना यंत्रात ठेवला.

आधी घरघर आली, मिश्रण दाबण्याच्या यंत्राची. मग फावड्यांचा खरखराट. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग सुतळी लोखंडाला घासल्याचा आवाज आला. तो मी लगेच ओळखला. आमच्याकडे स्लॅब झाला की कोपऱ्यातल्या खांबाच्या सळईला आंब्याचा डहाळा बांधतात. तो मान घरमालकाचा, म्हणजे इथे नगराध्यक्षांचा. मग दोन आवाज आले.

"भाऊ, हा स्लॅब पडेल."

"पडू दे. फांदी सरळ धर."

एवढंच. दुसरा आवाज ओळखायला मला यंत्राची गरज नव्हती. प्रत्येक निवडणुकीत तो रिक्षावरच्या भोंग्यातून माझ्या घरात शिरलेला आहे. मी उठून टेबलावर मूठ आपटली. एकटीच मोठ्यानं म्हणाले, "सापडलास!" तीन वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता, खोटं कशाला बोलू? पुन्हा ऐकलं. पुन्हा. चौथ्या वेळी मात्र माझं लक्ष पहिल्या आवाजाकडे गेलं, आणि मी खाली बसले. फांदी धरणारा दिगू होता.

यंत्रानं वाचलेलं सगळं बोलणं आयोगाकडे आपोआप जातं आणि तिथून दोन्ही बाजूंच्या वकिलांकडे. माझ्या हातात उरतो फक्त अहवाल, आणि ते बोलणं कितव्या मिनिटाचं हे मोजून त्यात लिहायचं काम.

त्या रविवारी दिगू आला, पण जेवायला बसला नाही. वरणभात पानात निवून गेला.

"ताई, भाऊंचे वकील मला भेटले," तो म्हणाला. "ते म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. ‘पडेल’ म्हणजे ओतून होईल. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी म्हटलं, आज हा स्लॅब पडेल. भाऊ म्हणाले, पडू दे. झालं! त्यात गुन्हा काय?"

"ते सकाळचं बोलणं आहे?"

त्यानं मान खाली घातली. "मी त्यांना सकाळचंच सांगितलंय."

"दिगू, यंत्रात किती वाजता आलंय ते मला दिसतं. तुला माहीत होतं ना?"

तो म्हणाला, "नकाशात होत्या त्याच्या निम्म्या सळ्या होत्या. एकवीस दिवस ठेवायचे टेकू चौथ्या दिवशी काढायचे ठरले होते, कारण आचारसंहितेच्या आत उद्घाटन हवं होतं. मी बोललो ताई. एकदा बोललो."

"एकदा."

"माझी कायम नोकरीची ऑर्डर त्यांच्या टेबलावर होती. सहीला."

"मग अन्विताला तिथं जागा का मिळवून दिलीस?"

"ती मागंच लागली होती गं. सगळ्या मैत्रिणी तिथंच जायच्या. नाही म्हणायला कारण काय सांगणार होतो?" आणि मग तो असं काही बोलला की मला ते जन्मभर विसरता येणार नाही. "पण मी तिला खांबाजवळची जागा दिली होती ना, ताई. मुद्दाम."

मला आठवलं. अन्विता एकदा कुरकुरत घरी आली होती. "मामानं मला खिडकीजवळून उठवलं. म्हणे खांबाला टेकून बस, अभ्यास छान होतो. मामाचं आपलं काहीतरीच!" आम्ही दोघी हसलो होतो. तो खांब अजून उभा आहे. त्या मंगळवारी सव्वातीनला ती बाटलीत पाणी भरायला उठली होती.

"अहवालात वेळ लिहू नकोस," दिगू म्हणत होता. "वेळ लिहिलीस तर भाऊ जातील, पण त्यांच्याबरोबर मीही जाईन. ताई, मला तुझ्याशिवाय कोण आहे? आणि तुला तरी?"

मी त्याचं पान उचललं आणि त्याला जा म्हटलं. अहवाल पाठवला तेव्हा वेळेचा रकाना कोरा होता. भावासाठी कोरा ठेवला, असं मी त्या आठवड्यात स्वतःला सांगत होते.

सुनावणीला जिल्ह्याच्या ठिकाणचं सभागृह भरलेलं होतं. बाकीच्या आठ मुलांचे आईबाप पहिल्या दोन रांगांत बसले होते. संपतभाऊ समोर, हात जोडून, फोटोत असतात तसे. दिगू अगदी मागे, दाराशी. 

भाऊंचे वकील कर्णिक मोठ्या शहरातले. त्यांनी साक्षीला आमच्या गावचे सोपान मिस्त्री आणले होते. साठीचे, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले, सरळ माणूस.

"मिस्त्री, तुमच्या भाषेत ‘स्लॅब पडला’ म्हणजे काय हो?" कर्णिकांनी विचारलं.

"म्हंजे झाला की. वतून झाला."

"आणि ‘आज स्लॅब पडेल’ म्हटलं तर?"

"आज काम हुईल. पेढं मिळत्याल."

सभागृहात हशा पिकला. संपतभाऊही हसले. ते हसणं मी डोळे भरून पाहून घेतलं.

कर्णिक आयोगाच्या अध्यक्षांकडे वळले. "मॅडम, कनिष्ठ अभियंत्यानं सकाळी येऊन सांगितलं, हा स्लॅब पडेल. माझे अशील म्हणाले, पडू दे. विकासकामाला होकार दिला, हाच त्यांचा गुन्हा. एका शब्दाच्या अर्थाचा अनर्थ करून लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला फासावर चढवायचं का?"

अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी मला पुढे बोलावलं. "श्रीमती ठोसर, तुमच्या अहवालात वेळेचा रकाना कोरा आहे. का?"

मी मागे पाहिलं. दिगू दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि अगदी बारीक, नकारार्थी मान हलवत होता. लहानपणी आईला काही सांगू नकोस म्हणून हलवायचा, तशीच. ‘माहीत नाही’ एवढं म्हटलं असतं तर तो सुटला असता. पुढच्या रविवारी जेवायला आला असता. कुंड्यांना पाणी घातलं असतं.

तीन वर्षं त्याच हातांनी तो पाणी घालत होता.

"ते तोंडी सांगायचं होतं, मॅडम," मी म्हटलं. "त्याआधी मिस्त्रींना एक विचारू?"

त्यांनी मान डोलावली.

"सोपानदादा, सळईला डहाळा कधी बांधतात?"

"स्लॅब पडल्यावर." मिस्त्रींना प्रश्नाचंच नवल वाटलं. "आदी कशाला बांधायचा? आदी मानसं चढत्यात, घमेली जात्यात, मोडंल की त्यो."

"‘पडू दे’ म्हटल्यावर संपतभाऊ पुढं काय म्हणाले, ते वकीलसाहेबांनी वाचून दाखवलं नाही. ‘फांदी सरळ धर.’ म्हणजे डहाळा बांधला जात होता. म्हणजे स्लॅब झालेला होता."

कर्णिक उठले. "हा रीतिरिवाज आहे, पुरावा नव्हे! कोणी आधीही बांधू शकतं."

"बांधू दे ना," मी म्हटलं. "पण मॅडम, काँक्रीट ओतल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही. सकाळी पोत्यातलं सिमेंट काय ऐकणार? हा नमुना सगळ्यात शेवटी ओतलेल्या कोपऱ्यातला आहे आणि हे बोलणं त्यानंतर दोन तास दहा मिनिटांनी पकडलं गेलंय. संध्याकाळी. तोवर अख्खा स्लॅब ओतून झाला होता. हे दोघं त्याच्यावर उभे राहून बोलत होते, म्हणूनच तर त्यानं ऐकलं." मी संपतभाऊंकडे वळले. "भाऊ, जो स्लॅब पडून झाला, तो पुन्हा ‘पडेल’ कसा? आता एकच पडणं शिल्लक होतं. आणि तुम्ही म्हणालात, पडू दे."

सभागृहात कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका आईनं पदर तोंडात कोंबला. संपतभाऊंचे जोडलेले हात सुटले आणि चेहरा ओल्या काँक्रीटसारखा राखाडी झाला. मी तो पाहत होते, आणि मला फार बरं वाटत होतं. ते ताडकन उठले. "मॅडम, ही बाई सूड घेतीय! हिची पोरगी गेलीय म्हणून माझ्यावर सूड घेतीय!"

"हो, घेतेय," मी म्हटलं. "मी घेतेय. काँक्रीटला तुमच्याशी काही देणंघेणं नाही."

अध्यक्षांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. मग मला विचारलं, "आणखी काही?"

इथे थांबता आलं असतं. पण अर्धाच सूड घ्यायचा असता, तर वेळ अहवालात लिहून मोकळी झाले असते; ‘सकाळी’ हे खोटं त्यांना सगळ्यांसमोर बोलू दिलं नसतं.

"पहिला आवाज माझ्या भावाचा आहे. दिगंबर. त्यानं जबाबात सांगितलंय की त्याला कल्पना नव्हती. त्या संध्याकाळी दोघांनाही माहीत होतं."

दारापाशी काहीतरी धपकन वाजलं. दिगू तिथंच खाली बसला होता, हे मला नंतर कळलं. मी मागे वळून पाहिलं नाही.

सोळा दिवसांनी निकाल लागला. आमदारकी रद्द, जन्मात पुन्हा निवडणूक नाही, आणि नऊ मृत्यूंबद्दल सदोष मनुष्यवधाचा खटला, संपतराव खडतरे आणि दिगंबर यांच्यावर. ऐकते की आता राज्यभर पुढारी स्लॅबवर चढले की मौन पाळतात. एक महापौर तर रबरी हातमोजे घालून डहाळा बांधायला आले होते. लोक हसतात. मला हसू येत नाही, पण घाबरतात हे बरंच आहे. पुढच्या वेळी एखादा अभियंता ‘पडेल’ म्हणाला, तर निदान वर उभा असलेला माणूस खाली बघेल.

निकालाच्या दिवशी दुपारी मी आयोगाच्या पायऱ्यांवर उभी होते. पोलिसांनी संपतभाऊंना बाहेर आणलं. घोषणा द्यायला कोणी नव्हतं. मी पुढे झाले आणि मिठाईचा डबा उघडला. 

"घ्या भाऊ, पेढा. स्लॅब पडला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या नऊ घरांपैकी एकाही घरी पाहिलं नव्हतं. पेढा त्यांनी घेतला नाही. मी तो त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला.

त्यांच्या मागून दिगू आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. डब्याकडे पाहून त्याला सगळं आठवलं, हे मला कळलं. तो मंगळवार, तो फोन, मी विचारलेलं. त्यानं हात पुढे केला आणि मी त्याच्या तळहातावर पेढा ठेवला.

"ताई, मला माफ..."

"खा," मी म्हटलं.

त्यानं तो तोंडात घातला. गिळवेना त्याला. तो गिळेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.